धरणं आणि सोडणं

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. मी मोटारीच्या क्लचवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटेल. पण माझं निम्मं बालपण कराडला मामूंच्या गॅरेजात गेलं. बी.ए.ला मराठी घेतलं ते पुढे. त्याआधी भाषा कानावर पडली ती तिथली. ‘पेडल बसलं’, ‘पेडल पोकळ लागतं’, ‘गिअर ओरडतो’, ‘क्लच धरत नाही’, ‘क्लच सोडत नाही’. यातले शेवटचे दोन शब्दप्रयोग नीट समजले, तर आपल्या गाडीच्या डाव्या पेडलची निम्मी दुखणी समजली असं मी म्हणेन.

क्लचला कामं दोनच. धरणं आणि सोडणं. इंजिनामागे एक जड चाक फिरत असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. गिअरबॉक्सच्या बाजूला असते क्लच प्लेट. प्रेशर प्लेट तिला आपल्या स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते. पाय पेडलवर नसतो तेव्हा क्लच धरलेला असतो आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं, की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला रेटतं, प्लेट मोकळी होते आणि आपण गिअर बदलतो. पेडलचा निरोप बेअरिंगपर्यंत पोचवायच्या मुख्य रीती दोन. एक केबलची; 1983 साली आलेल्या मारुती 800 मध्ये हीच होती. गॅरेजात तिला वायरच म्हणतात. दुसरी रीत तेलाच्या दाबाची. तिच्यात पेडलजवळ मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो.

आता दुखणी. ‘क्लच धरत नाही’ म्हणजे इंजिन गरजतं, पण गाडी त्या मानाने पळत नाही. चढावर, भरल्या गाडीत हे आधी जाणवतं आणि जळकट वास येतो. पारख अशी: सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच धरत असेल तर इंजिन बंद पडेल. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी. वारंवार घेतली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

मात्र प्लेट घसरते म्हणजे ती संपलीच, असं नाही. पेडल हाताने हलकेच दाबून पाहा. सुरुवातीला थोडं अंतर ते सैल जायला हवं. केबलच्या गाड्यांत हे अंतर साधारण अर्धा ते एक इंच असतं. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावा. प्लेट झिजत जाते तसतशी ही सैल कमी होते. ती उरलीच नाही, तर कुणी पेडलवर सतत पाय ठेवून बसल्यासारखा क्लच अर्धवट दाबलेला राहतो. अशा वेळी केबलच्या टोकाचा नट फिरवून सैल परत आणता येते. काम पाच-दहा मिनिटांचं. नटाचे आटेच संपले असतील, तर मात्र प्लेटचं आयुष्य संपत आलं असं समजावं. कधी इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून प्लेटवर येतं. तेव्हा सील न बदलता नुसती प्लेट बदलली, तर नवी प्लेटही घसरू लागते.

‘क्लच सोडत नाही’ हे उलट दुखणं. पेडल तळाला गेलं तरी प्लेट पुरती मोकळी होत नाही. पहिला गिअर पडताना अडतो, रिव्हर्स टाकताना खर्रकन ओरडतो. इथे सर्वांत आधी खाली वाका आणि पायपुसणं पाहा. पेडलखाली सरकलेल्या जाड मॅटमुळे पेडल पूर्ण दाबलं जात नाही, आणि हजारोंच्या दुरुस्तीची बोलणी सुरू होतात. मॅट मागे ओढायला पैसे पडत नाहीत. त्यानंतर केबल ताणली आहे का, हे पाहावं. पेडल जड झालं, दाबताना करकर लागली, तर केबलच्या तारा एकेक करून तुटत असण्याचा संभव असतो. ती वाटेत तुटण्याआधी बदलणं स्वस्त पडतं.

तेलाच्या क्लचची खूण निराळी. पेडल मऊ, पोकळ लागतं. एकदा दाबून गिअर पडत नाही, दोन-तीनदा पंप केलं की पडतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका चालकाच्या प्रवासी गाडीला हेच झालं होतं. एका गॅरेजात त्याला सांगण्यात आलं, की प्लेट गेली, पूर्ण क्लच सेट घाला. त्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईचा तो आकडा होता. दुसऱ्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं होतं. मामूंचं गॅरेज आता माझा मामेभाऊ चालवतो. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. चालक त्याला म्हणाला, ‘‘उस्ताद, एवढं वऱ्हाड पोचवू द्या, मग सेट घालतो.’’

उस्तादाने विचारलं, ‘‘पंप केल्यावर गिअर पडतो का?’’

‘‘पडतो की.’’

‘‘दादा, प्लेट गेली असती, तर पंप करून बरी झाली असती का?’’

मग त्याने बॉनेट उघडलं. तेलाच्या डब्यातली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. पेडलच्या मुळाशी हात घातला, तो ओला झाला. मास्टर सिलिंडरचं रबर गेलं होतं आणि तेल आत गालिच्यावर झिरपत होतं. उस्ताद म्हणाला, ‘‘क्लचचं राहू द्या. या डब्यातून ब्रेकलाही तेल जातं. असल्या गाडीत वऱ्हाड बसवायचं नाही.’’

हीच गोष्ट आज मला मुख्यत्वे सांगायची आहे. पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचा तेलाचा डबा एकच असतो. क्लचची नळी डब्यात वरच्या बाजूला असते, म्हणजे गळती क्लचकडे असेल, तर ब्रेकच्या वाट्याचं तेल शिल्लक राहावं. पण गळती ब्रेकच्या बाजूला असली, तरीही पातळी उतरताच आधी पोकळ होतं ते क्लचचंच पेडल. म्हणजे डाव्या पायाखालची ती तक्रार मधल्या पेडलविषयीची ताकीदही असू शकते. म्हणून क्लच मऊ लागला, की त्याच दिवशी डबा पाहा. पातळी उतरली असेल, तर नुसतं तेल भरून पुढे निघू नका. आधी ते गेलं कुठे, ते शोधा.

इथे एका शब्दाने घोटाळा होतो. आपण त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण इंजिन ऑइलशी त्याचं काही नातं नाही. ऑइल म्हणजे ऑइल, असं समजून कुणी इंजिनाचं ऑइल त्या डब्यात ओतलं, तर आतली रबरं फुगतात आणि क्लच, ब्रेक दोन्ही निकामी होऊ शकतात. डब्याच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 असं लिहिलेलं असतं, तेच घालावं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून बंद बाटलीतलंच वापरावं आणि साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावं. रंगावर सांडलं तर रंग उडतो.

सिलिंडर बदलला, की नळीत शिरलेली हवा काढावी लागते. दोन माणसं लागतात. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा खालचा निपल किंचित सोडतो. बुडबुडे मिसळलेलं तेल नळीवाटे बाटलीत येतं. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि तेवढ्या वेळात वरचा डबा रिकामा होऊ द्यायचा नाही. त्या चालकाचं काम दुपारपर्यंत आटोपलं. दोन्ही पेडलं टणक लागली, आणि वऱ्हाड वेळेवर गेलं.

आवाजाचंही थोडं सांगतो. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. पेडल दाबल्यावर ती थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. बेअरिंग असो की प्लेट, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्चाचा मोठा भाग त्या मजुरीचाच असतो. म्हणून गिअरबॉक्स खाली आलाच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदम बदला, हा सल्ला रास्त आहे. आक्षेप आहे तो गिअरबॉक्स उतरवायची घाई करण्याला.

वाटेतच केबल तुटली तर? घाबरू नये. केबल तुटली, की क्लच धरलेल्या अवस्थेत राहतो. चाकं इंजिनाला जोडलेलीच असतात आणि ब्रेकही शाबूत असतो. वेग कमी करत कडेला यावं, थांबता थांबता गिअर न्यूट्रलला ओढावा, धोक्याचे दिवे लावावेत, हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावावा. क्लचशिवाय गाडी हाकणारे पटाईत असतात, पण घाटात ती हौस नको. गाडी ओढून न्यावी.

आणि क्लच टिकवायचा असेल, तर एवढंच करा: गिअर बदलून झाला, की डावा पाय पेडलवरून काढा. चढावर गाडी थांबली, तर हाफ क्लचवर ती तोलत बसू नका. हँडब्रेक त्यासाठीच दिला आहे.

मारुती 800 चं उत्पादन 2014 साली थांबलं. त्याच वर्षी आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या, स्वतःच गिअर बदलणाऱ्या स्वस्त गाड्यांची सुरुवात झाली. विजेच्या गाड्यांना तर सहसा क्लचच नसतो. तरी घाटातून माणसं नेणारे असंख्य चालक आजही डाव्या पायाने काम करतात. त्यांना आणि तुम्हाला एकच विनंती. गॅरेजात गेल्यावर ‘क्लच खराब झालाय’ असं मोघम सांगू नका. धरत नाही की सोडत नाही, पेडल जड आहे की पोकळ, पंप केल्यावर फरक पडतो का, आवाज दाबल्यावर येतो की सोडल्यावर, एवढं सांगा. एवढं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नको ती दुरुस्ती गळ्यात मारणं अवघड जातं, आणि प्रामाणिक मिस्त्रीचं काम सोपं होतं.