कंट्रोलवरचा माणूस
(एका बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. पोटासाठी माल उचलतो आणि झोप येत नाही म्हणून कविता लिहितो. आज बोलणार आहे ते एका मेलेल्या काळ्या माणसाबद्दल. मायकी ड्रेड. खरं नाव मायकल कॅम्पबेल. ४ जून १९५४ ला जमैकात पोर्ट अँटोनिओला जन्मला आणि १५ मार्च २००८ ला अमेरिकेत मेंदूतल्या गाठीनं गेला.

मला तो भेटला रात्रपाळीत, एका जोडीदाराच्या मोबाईलमध्ये. आधी वाटलं मोबाईल बिघडला. गाण्यातला गाणाराच गायब! नुसता ढोल आणि बेस. मधेच एक शब्द यायचा आणि विहिरीत दगड पडावा तसा घुमत खाली जायचा.

पोर्ट अँटोनिओ म्हणजे एके काळचं केळीचं बंदर. बाया-माणसं डोक्यावर घड घेऊन बोटीत चढायची आणि टॅलीवाला मोजायचा. डोकं आपलं, माल कंपनीचा, आकडा टॅलीवाल्याचा. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मायकी जन्मला तोवर तो धंदा ओसरला होता, पण गाव तेच.

पोराला तारांचं वेड. शाळेचं रेडिओ केंद्र होतं, तिथं हा. गावात साऊंड सिस्टीम वाजायची, तिथंही हा. साऊंड सिस्टीम म्हणजे रस्त्यावर रचलेले कपाटाएवढे कर्णे. ज्यांना क्लबात शिरकाव नव्हता त्यांनी रस्त्याचाच क्लब केला. पुढं किंग्स्टनला जाऊन इलेक्ट्रिकल शिकला आणि १९७६ ला जमैका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे सरकारी रेडिओत, तंत्रज्ञ म्हणून लागला.

आता नीट ऐका. १९६२ ला देश स्वतंत्र झालेला. गोरा गेला, पण रेडिओवर बसलेला त्याचा आवाज गेला नाही. लुईझ बेनेटसारखी बाई लोकांच्या पात्वा बोलीत बोलायची, नाही असं नाही. पण एरवी साहेबी इंग्रजी आणि बाहेरची गुळगुळीत गाणी. ज्या रेगेवर अख्खी दुनिया डोलायला लागली होती ती पलीकडच्या गल्लीत रेकॉर्ड होत होती आणि रेडिओला तिची लाज वाटत होती. ती गाणारे कोण? झोपडपट्टीतले. त्यातले कितीतरी जटा राखणारे रास्ताफारी. १९६३ ला कोरल गार्डन्सच्या प्रकरणात पोलिसांनी या लोकांना धरून धरून मारलं, त्यांच्या जटा कापल्या. सरकारनं माफी मागितली २०१७ ला. चोपन्न वर्षांनी!

या जटांनाच 'ड्रेड' म्हणतात. ड्रेड म्हणजे धाक, दहशत. मायकीनं तेच नाव लावलं आणि साहेबांच्या मागं लागून रात्रीचा कार्यक्रम मिळवला. नाव ठेवलं 'ड्रेड अॅट द कंट्रोल्स'. कंट्रोलवर ड्रेड बसलाय! जो शब्द ऐकून सभ्य लोक दार लावून घ्यायचे, तो मध्यरात्रीनंतर सरकारी रेडिओच्या बटणावर.

हा निवेदक नव्हता, इंजिनिअर होता. तारा जोडायच्या, सुया हलू द्यायच्या, बोलायचं दुसऱ्यानं. यानं काय केलं? जिंगलं बनवली. किंकाळ्या, हसणं, घंटा, पात्वातल्या आरोळ्या, आणि त्यांच्यामधून जवळजवळ सगळी रेगेच. वॉटरहाऊस वस्तीतला किंग टबी त्याचा दोस्त. टबी रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस. त्यानंच गाण्यातला गळा काढून ढोल-बेस पुढं आणायची डबची कला वाढवली. वाद्य वाजवणाऱ्यापेक्षा बटण फिरवणारा मोठा कलावंत होऊ शकतो हे या दोघांनी दाखवलं.

अख्खं बेट जागं राहायला लागलं. आणि वरच्यांच्या पोटात दुखायला लागलं. शेवटी मायकीनं वैतागून नोकरी सोडली. कार्यक्रम गेला तरी नाव सोडलं नाही. त्याच नावाचं लेबल काढलं आणि १९७९ च्या 'आफ्रिकन अँथम' या तबकडीत तीच जिंगलं घातली.

पुढं इंग्लंडातल्या क्लॅश बँडची १९८० ची 'बँक रॉबर' त्यानं घडवली, १९८२ ला तिथल्या टीव्हीवर रेगेच्या इतिहासाची मालिका सांगितली. लोक त्याची आठवण क्लॅशपासूनच सुरू करतात. गोऱ्यानं बोट लावल्याशिवाय काळा दिसत नाही काय? माझ्या लेखी तो मोठा आहे मध्यरात्रीच्या त्या कार्यक्रमामुळं.

आता माझी गोष्ट. गेल्या साली एका मोठ्या सभागृहात मला कविता वाचायला बोलावलं. मधल्या कडव्यात शिवी होती. शिवी आली आणि माझा आवाज गेला. घसा शाबूत होता, पण कुणीतरी मागं बसून बटण खाली केलं होतं. ओठ हलताहेत आणि हॉल शांत. नंतर म्हणाले, 'तांत्रिक बिघाड.' मी तीन दिवस संतापलो. चौथ्या दिवशी लक्षात आलं, आपण सगळे माईकसाठी भांडत आलो. माईकची वायर कुठं जाते ते आपल्यातल्या किती जणांनी बघितलंय?

मायकी गेला त्याच २००८ साली, ऑक्टोबरात, आजच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित बायांनी संघम रेडिओ सुरू केला. बोलणाऱ्या त्याच, रेकॉर्डिंग करणाऱ्या त्याच. त्यांना मायकी माहीत असायचं काही कारण नाही. कंट्रोलवर त्याही बसल्या.

आपल्या मंडळाचा अॅम्प्लिफायर जयंतीपासून घरघरतोय. दर वेळी भाड्याचा आणतो, त्याच्याबरोबर भाड्याचा माणूसही येतो आणि मग तो ठरवतो आपण किती मोठ्यानं बोलायचं. रविवारी मला सुट्टी आहे. सोल्डरिंग गन माझ्याकडं आहे, मीटर कुणाकडं असेल तर घेऊन या. आपण तो खोलून बघू.