सोबत मागणारे झाड



विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात अनावृत्तबीजी वनस्पतींच्या यादीत ‘सायकस’ हे नाव हमखास भेटते. परीक्षेपुरते ते पाठ होते आणि पुढे विसरले जाते. बागेत हेच झाड दिसले की कोणी त्याला ताड समजतो, तर कोणी नेचा. वस्तुतः ते या दोहोंपैकी काहीच नाही. त्याला फूल येत नाही, फळ धरत नाही. बी मात्र येते आणि ते उघड्यावरच वाढते. या कुळाची पश्चिम घाटातील एक जाती म्हणजे सायकस सर्सिनालिस. मलबारात तिला ‘ईंथ’ म्हणतात. आजचे व्याख्यान तिच्याविषयी आहे.

केरळ, कर्नाटक व तामिळनाडूतील डोंगरउतारांवर, विशेषतः पानझडीच्या कोरड्या रानांत ही जाती वाढते. सरळ खोड, त्यावर गळून गेलेल्या पानांच्या देठांचे खडबडीत कवच आणि माथ्यावर लांब, पिसासारख्या पानांचा मुकुट असे तिचे रूप. कोवळ्या पानाच्या पातळ पर्णिका घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. ‘सर्सिनालिस’ हे नाव त्यावरूनच पडले. वाढ अतिशय सावकाश. नवी पाने एकेक येत नाहीत, तर एकदम झुबक्याने फुटतात आणि त्यासाठी लागणारे पिष्ट झाडाने खोडाच्या गाभ्यात साठवलेले असते. जमीन नापीक असली तरी या झाडाचे अडत नाही. त्याच्या पोवळ्यासारख्या मुळांत नीलहरित सूक्ष्मजीव राहतात आणि हवेतील नत्र त्याला मिळवून देतात. एकटे दिसणारे हे झाड असे मुळापासूनच सोबतीवर उभे आहे.

सोबतीची खरी गरज मात्र वंशवृद्धीत दिसते. सायकसमध्ये नर आणि मादी ही झाडे वेगवेगळी असतात. नराच्या माथ्यावर मोठा शंकू येतो, तर मादीच्या माथ्यावर बीजांडे धारण करणाऱ्या पानांचे वर्तुळ. परागकण एकाकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम कीटक आणि वारा करतात. पुढे बीजांडाच्या आत शुक्रपेशी पोहत अंडपेशीकडे जातात. बी धारण करणाऱ्या वनस्पतीत पोहणारी शुक्रपेशी असते, ही गोष्ट जपानच्या इकेनो यांनी 1896 मध्ये सायकसच्याच एका जातीत दाखवून दिली, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ थक्क झाले होते.

या झाडाचा उपयोग माणसाने फार पूर्वी ओळखला. ईंथाचे बी विषारी असते; कच्चे खाल्ल्यास ते प्राणघातक ठरू शकते. तरीही मलबारातील घरांनी त्याचे अन्न केले. बिया फोडायच्या, गर उन्हात वाळवायचा, पाणी पुन्हा पुन्हा बदलत भिजवायचा आणि मग त्याचे पीठ दळायचे. पावसाळी टंचाईत या पिठाने अनेक चुली पेटत्या ठेवल्या. कोणत्याही प्रयोगशाळेने ही कृती शिकवलेली नाही. ती घराघरांतून एका पिढीने दुसरीच्या हाती दिली.

अशाच लोकज्ञानामुळे हे झाड ग्रंथात आले. डच अधिकारी व्हान रीड यांनी सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’चे बारा खंड 1678 ते 1693 या काळात प्रसिद्ध झाले. त्यात ‘तोड्डा पन्ना’ या नावाने ही वनस्पती आहे आणि 1753 मध्ये लिनियसने शास्त्रीय नाव देताना त्याच वर्णनाचा आधार घेतला. त्या ग्रंथाच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अपू भट हे कोकणी वैद्य होते. त्या तिघांचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी लिपीत छापलेले आहे. कोचीत राहून आपली भाषा आणि लिपी सांभाळणाऱ्या त्या वैद्यांची आठवण महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेत होणे उचितच आहे.

आज ही जाती संकटग्रस्त गणली जाते. रान तुटले, हे एक कारण. दुसरे कारण अधिक नकळत घडणारे आहे. औषधी बाजारासाठी नराचे शंकू तोडले जातात. सजावटीसाठी पाने कापून नेली जातात. पाने वारंवार कापली की साठवलेले पिष्ट पुन्हा पाने फुटण्यातच खर्च होते. शंकू गेले की मादीची बीजांडे वांझ राहतात. झाडे उभी दिसतात, पण त्यांच्या पायाशी रोप दिसत नाही.

याचा शेवट कुठे होतो, हे दक्षिण आफ्रिकेतील एन्सेफॅलार्टॉस वुडीआय या सायकसच्या नातेवाइकाने दाखवले आहे. 1895 मध्ये जॉन मेडली वुड यांना ओंगोये अरण्यात त्याचा एकच समूह आढळला, तोही नराचा. मादी आजवर सापडलेली नाही. जगभरच्या उद्यानांतील त्याची सर्व झाडे त्या एकाच नराच्या फुटव्यांची आहेत. ती निरोगी आहेत, शंकूही धरतात; पण आपल्या जातीचे बी त्यांना कधी मिळालेले नाही.

सायकसच्या कुळाचे पूर्वज 25 कोटी वर्षांहून जुने. म्हणून त्यांना ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात. परंतु 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की आजच्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतच उदयास आल्या. म्हणजे हे कुळ टिकले ते जुने झाड चिवटपणे उभे राहिल्यामुळे नव्हे, तर नवी पिढी सतत येत राहिल्यामुळे.

साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या अंगणात सायकस लावायचा झाल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. बियांपासून आलेले रोप नर आहे की मादी, हे शंकू येईपर्यंत कळत नाही आणि त्याला कित्येक वर्षे लागतात. एकाच झाडाचे फुटवे लावले, तर सारी झाडे एकाच लिंगाची होतात. म्हणून रानातून उपटून आणलेले झाड नको. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेली पाच-सहा रोपे जवळजवळ लावावीत, त्यांची पाने सजावटीसाठी तोडू नयेत आणि बिया तोंडात घालू नयेत, हे लहान मुलांना आधीच बजावून ठेवावे. त्या झाडांखाली पहिले रोप उगवेल, तेव्हा ते पाहायला आज पहिलीच्या वर्गात बसलेले कोणीतरी आपल्या मुलाला घेऊन येईल.