कोरा रकाना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची कुटुंबसूची आता चोपडीतून संगणकात गेली आहे. तीतून हवी तेवढीच नावे निवडून त्यांना मोबाईलवर निरोप धाडता येतो. व्यापारी आपल्या ग्राहकांचे असेच वर्ग पाडतात. केंद्र सरकारने २०१३ साली शेतकऱ्यांसाठी सुरू केलेल्या 'एमकिसान' सेवेचेही तत्त्व हेच : उसाचा सल्ला ऊसवाल्यास, डाळिंबाचा डाळिंबवाल्यास.

ही निवड करणारी एक भाषा आहे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या विचाराच्या आधारे आय.बी.एम. कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी ती १९७४ साली पुढे आणली. आज तिला 'एस.क्यू.एल.' म्हणतात. कोणते रकाने हवेत, कोणत्या तक्त्यातून आणि कोणत्या अटीवर, एवढेच तिचे मूळ व्याकरण. परंतु ती शब्दाला शब्द धरून चालते आणि तेथेच आपली फसगत होते.

गतवर्षी निरोप धाडणाऱ्या तरुणांजवळ मी बसलो होतो. 'तालुका बारामती आणि तालुका इंदापूर' अशी अट मी घालावयास सांगितली. एकही नाव आले नाही! आपल्या बोलण्यातील 'आणि' दोन्ही तालुक्यांना कवेत घेतो. यंत्राच्या 'आणि'चा अर्थ असा की, एकाच कुटुंबाचा तालुका एकाच वेळी दोन्ही असावा. तेथे 'किंवा' हवा होता. तो घातल्यावर नावे आली, पण कमी भरली. कुणी 'इंदापूर' लिहिले होते, कुणी 'इंदापुर'. यंत्रास ती दोन निराळी गावे वाटली. ऱ्हस्वदीर्घापायी मी आयुष्यभर मुलांच्या वह्या लाल केल्या; त्याचे मोल त्या दिवशी मलाच नव्याने कळले.

तिसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. दहावीस साठांहून अधिक टक्के मिळविणाऱ्यांना शिष्यवृत्तीची सूचना गेली. मुदत संपल्यावर एक विधवा भगिनी मुलीची गुणपत्रिका घेऊन आली. मुलीस ऐंशीहून अधिक टक्के होते; सूचीत मात्र तिच्या गुणांचा रकाना कोरा होता. कोऱ्या रकान्यास आपण शून्य समजतो; ही भाषा त्यास 'अज्ञात' मानते. 'साठांहून अधिक' विचारा वा 'साठ किंवा कमी' विचारा, अज्ञात दोन्हींतही येत नाही. तो निराळा विचारावा लागतो. आम्ही विचारला नाही. यंत्र चुकले नव्हते. आम्ही चुकलो होतो. "गुरुजी, धाकटीच्या वेळी तरी कळवा," एवढेच ती माउली म्हणाली. ते शब्द मला अजून बोचतात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. तालुका हाताने न लिहिता छापील यादीतून निवडावा. प्रत्येक सूचनेपूर्वी कोऱ्या रकान्यांची नावे काढून कार्यकर्त्यांनी त्या घरी स्वतः जावे. कारण रकाना बहुधा तेथेच कोरा राहतो, जेथे लिहून देणारे कुणी नसते. आणि तिसरी : माहिती ज्या कामासाठी संमतीने घेतली, त्याच कामी वापरावी. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदाही हेच सांगतो. शिष्यवृत्तीसाठी दिलेला मुलीचा क्रमांक वधूवरमेळाव्याच्या वा दुकानाच्या जाहिरातीसाठी देणे हा विश्वासघात होय.

सूचीतील प्रत्येक ओळ हे एक घर आहे, याचे स्मरण असू द्यावे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.