मंडळीचा आवाज मंडळीला परत द्या



व्यासपीठावरचे मान्यवर, पाळक आणि धर्मगुरू, लेखक-कवी मित्रहो, आणि नगर, नाशिक, जालना, सोलापूर, वसई अशा गावांहून पदरचं भाडं खर्चून आलेल्या माझ्या मंडळींनो,

अध्यक्षाने आभार मानून सुरुवात करावी असा रिवाज आहे. ते मी मनापासून मानतो. मात्र मला दिलेला वेळ मी भांडणासाठी वापरणार आहे, आणि हे भांडण घरच्यांशी आहे.

माझं म्हणणं एकच. उपासना मंडळीने करायची असते. आज आपल्या कितीतरी चर्चमध्ये ती मंडळीच्या पुढ्यात केली जाते. चार-पाच जण माइक धरून गातात, मागे ड्रम वाजतात, भिंतीवर शब्द सरकतात आणि बाकी सगळे उभे राहून बघतात. गाणं संपलं की टाळ्या पडतात. या टाळ्या कोणासाठी? देवासाठी असतील तर त्या गाणाऱ्यांकडे तोंड करून का वाजतात? उपासना संगीताची पुस्तकं बाकांवरून कपाटात गेली, कपाटातून माळ्यावर गेली, आणि कुठल्याही वडील मंडळाच्या बैठकीत यावर दहा मिनिटं चर्चा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कंपाउंडच्या भिंतीवर आणि गाळ्यांच्या भाड्यावर मात्र रात्र रात्र चर्चा होते.

मागच्या पावसाळ्यात नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दफनविधीला गेलो होतो. शवपेटी खाली उतरली, दोर वर ओढून घेतले. पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला. पुस्तक कोणाकडेच नव्हतं. तरुण पोरांनी मोबाइल काढले, तर रेंज नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका म्हातारीने सूर धरला. तिला अक्षरओळख नाही, पण एकेक कडवं मुखोद्गत. तिच्यामागून आणखी दोघी-तिघींनी उचललं. पोरं धृपदापुरती सामील व्हायची आणि कडवं आलं की पुन्हा गप्प. माती लोटून होईपर्यंत ते गीत त्या बायांनी ओढून नेलं.

त्या म्हातारीला ते गीत कोणी वहीत उतरवून दिलं नव्हतं. ते तिला भजनात मिळालं. शेतातून यायचं, भाकरी खायची आणि कोणाच्या तरी ओसरीवर जमायचं. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावून थाप बघायची. पेटीवाल्याने काळी एक की पांढरी चार ते विचारून घ्यायचं. पुढच्याने ओळ सोडायची, मागच्यांनी ती झेलायची, पुन्हा सोडायची, पुन्हा झेलायची. दहा वेळा झेललेली ओळ माणूस विसरत नाही. ती पेरणीत आठवते, बाळंतपणात आठवते, मयताच्या घरी आठवते. तिला वीज लागत नाही. मंडळीची शिकवण अशी मुखातून मुखात गेली. ज्या खेड्यातल्या मंडळीला पाळक महिन्यातून एकदा भेटायचा, ती मंडळी विश्वासात टिकली ती या ओसरीवरच्या भजनाने. हे श्रेय महार-मांग वस्तीतून आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांचं आहे. त्यांची नावं आपल्या कुठल्याच इतिहासात नाहीत.

आता आपला इतिहासही जरा नीट सांगू. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं आणि त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत, हे आपण प्रत्येक संमेलनात अभिमानाने सांगतो. त्या पुराणाच्या आरंभी काय घडतं ते मात्र सांगत नाही. साष्टीतला एक नवा ख्रिस्ती पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? ही मागणी मंडळीची होती. स्टीफन्सचा मोठेपणा हा की त्याने ती ऐकली आणि त्या लोकांच्याच छंदात उत्तर दिलं. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलायचा हुकूम काढला. छापील प्रतीही नाहीशा झाल्या. तरी ख्रिस्ती घराघरांतून हस्तलिखितं जपली गेली, म्हणून १९०७ साली मंगळुरात ते पुराण पुन्हा छापता आलं. सरकारने सोडा म्हटलं तेव्हा आपल्या लोकांनी सोडलं नाही. आज कोणी सोडा म्हणत नाही आणि आपण आपण होऊन सोडतो आहोत.

इकडे नगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारखे लोक एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहिले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं त्यांनी उघड सांगितलं आणि आयुष्यभर अभंग लिहिले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. त्यांचं ख्रिस्तायन अपुरं राहिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती, पण त्यांनी साठाहून अधिक अध्याय लिहून ते पुढे नेलं. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. साध्या बायकांना कळावं एवढाच त्यांचा आग्रह होता. आश्रमातल्या मुलींनी खिळे जुळवले आणि १९२४ साली, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, ते छापून निघालं. ही सगळी माणसं विश्वासात कच्ची होती असं म्हणायची कोणाची छाती आहे काय?

पण म्हणणारे आहेत. काही नव्या उपदेशकांनी गावोगाव सांगायला सुरुवात केली आहे की टाळ, अभंग, कीर्तन हे सगळं ‘त्यांचं’ आहे, तारण झालेल्याने त्याला हात लावू नये. मी या सभेत त्यांना उत्तर देतो. तुमच्या सभेत वाजणारी बाजाची पेटी युरोपातून आली. ती वारकऱ्यांनी कीर्तनात घेतली, नाटकवाल्यांनी रंगभूमीवर नेली. तिच्यावर बोटं फिरवून एकही वारकरी ख्रिस्ती झाला नाही. मग टाळ हाती घेतल्याने ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताला कसा मुकेल? तुमचा विश्वास दोन पितळी वाट्यांनी हलत असेल तर दुरुस्ती टाळाची करू नका.

दुसरीकडून वेगळाच मारा आहे. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा पाद्री कशाला म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. ज्याने पवित्र शास्त्राला आजच्या मराठीत सुबोध केलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरला, त्याच्या मराठीपणाचा दाखला मागितला गेला. आपण त्या वेळी चिडलो आणि ते रास्त होतं. पण रविवारी आपल्याच वेदीपुढे आपण मराठीला मागच्या बाकावर बसवत असू, तर बाहेरच्यांशी कोणत्या तोंडाने भांडायचं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला उपासनेत वाट करून दिली. कॅथलिक बांधवांची मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली ती त्यानंतर. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तर सुरुवातच मराठीने केली होती. आणि आता मुंबई-पुण्याच्या आपल्या मंडळ्यांत इंग्रजी कोरस, त्याचं हिंदी भाषांतर आणि मग त्या हिंदीचं मराठी, अशी तिसऱ्या हाताची भक्ती चालते. त्यातले शब्द कानाला लागतात, पण त्यात आपलं काहीच नसतं.

तरुणांनो, मी गिटारच्या विरुद्ध नाही. गिटार घ्या, कीबोर्ड घ्या. माझा राग आवाजाच्या त्या भिंतीवर आहे जिच्यापुढे बाजूच्या माणसाचा सूर ऐकू येत नाही. शेवटल्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असं शुभवर्तमानात आहे. पकडायला माणसं निघालेली, पुढे गेथशेमाने, आणि ते बारा-तेरा जण एका सुरात गात होते. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. तिथे त्यांच्याजवळ गळ्याशिवाय काय होतं?

आता लेखक-कवींकडे वळतो, कारण सगळ्यात मोठी कसूर इथे आहे. टिळकांना जाऊन शंभर वर्षं उलटली. त्यांच्या जयंतीला आपण त्यांचेच अभंग म्हणतो आणि घरी जातो. दिवाळीनंतर खेड्यातली अर्धी मंडळी कोयता घेऊन उसाच्या फडावर जाते. नाताळ तिथेच पाचटाच्या कोपीत होतो. त्या कोपीत म्हणायचं एक तरी नवं गीत आपण लिहिलं आहे का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले गेले. शीख १९५६ साली आत घेतले गेले, बौद्ध १९९० साली, आपले लोक अजून दाराबाहेर आहेत. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागतो, आजाऱ्यांना आरोग्य मागतो, पण या दाराचं नाव घेत नाही. आमोस संदेष्ट्याने सांगून ठेवलं आहे की न्याय जिथे वाहत नाही तिथल्या गाण्यांचा गोंगाट देवाला नको असतो. स्तोत्रांच्या पुस्तकात विलाप किती आहे ते मोजून बघा, आणि आपल्या आजच्या गाण्यांत तो किती उरला आहे तेही बघा. रडायला जागा नसलेल्या उपासनेत कर्जबाजारी माणूस किती रविवार येईल?

भाषण इथे थांबवतो आणि ठराव मांडतो. प्रत्येक मंडळीने महिन्यातला एक रविवार भजन-उपासनेला द्यावा, पडद्याशिवाय आणि ध्वनिक्षेपकाशिवाय. साबाथ शाळेत दर महिन्याला एक गीत सर्व कडव्यांसह पाठ करून घ्यावं. ज्या म्हाताऱ्यांकडे जुन्या चाली आहेत त्यांच्या घरी तरुण संघाने रेकॉर्डर घेऊन जावं, कारण छापील पुस्तकात गीत सापडतं, चाल सापडत नाही. आणि इथल्या प्रत्येक कवीने पुढच्या संमेलनाला येताना गाता येईल असं एक नवं गीत आणावं, तेही आपल्या मंडळीकडून आधी गाऊन घेतलेलं. ज्याला मंडळीने नाकारलं त्याने घरी जाऊन पुन्हा लिहावं.

ठरावाला ज्यांचा विरोध आहे त्यांनी जेवणानंतरची वाट न बघता आत्ता माइकवर यावं. मी खुर्चीवर बसलो आहे.