बारा व्होल्टची वीज आणि तिचा फ्यूज



बारा व्होल्टची वीज म्हणजे कांहीं भिण्यासारखी वस्तु नव्हे, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ती निम्मी खरी आहे. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर कोरडीं बोटें ठेवलीं तर झटका बसत नाहीं. कारण कोरड्या त्वचेचा विरोध मोठा आणि विजेचा दाब लहान. परंतु त्याच दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर पाहतां पाहतां तो तापून लाल होतो. हातांतली अंगठी मध्यें सांपडली, तर बोट भाजून निघतें. झटका बसणें आणि आग लागणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दाब लहान असल्यानें पहिलीचें भय टळतें, दुसरीचें टळत नाहीं.

महाराष्ट्रांत २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी पुष्कळ घरांत आली. पुढें तिच्या जोडीला छपरावरचे सौर तक्ते आले आणि लिथियमच्या बॅटऱ्याहि आल्या. अशा घरगुती मांडणींत बहुधा १२, २४ किंवा ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहतो. त्या प्रवाहासाठीं फ्यूज कसा निवडावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

फ्यूज हा उपकरणाच्या रक्षणासाठीं असतो असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असतो. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला कीं तार तापते, तिच्यावरचें आवरण वितळतें आणि शेजारचें लांकूड किंवा कापड पेट घेतें. म्हणून त्या मार्गांत एक दुवा आपण जाणूनबुजून सर्वांत दुर्बळ ठेवतों, कीं वितळायचेंच तर त्यानें बंदिस्त जागेंत वितळावें. यावरून पहिला नियम निघतो. फ्यूजचा आंकडा नेहमींच्या प्रवाहापेक्षां मोठा असावा, परंतु तार जितका प्रवाह सुखानें सोसते त्यापेक्षां मोठा कधींहि नसावा.

एक उदाहरण घेऊं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १००० वॅटचा इन्व्हर्टर चालवायचा आहे. १००० ला १२ नें भागलें तर ८३ येतात. पण बॅटरींतून घेतलेल्या शक्तीचे शंभरांतले पंधरा भाग इन्व्हर्टरमध्यें वायां जातात असें धरलें, तर बॅटरींतून ९८ अँपिअर ओढले जातील. आणि बॅटरी उतरून दाब ११ वर आला म्हणजे तोच आंकडा १०७ होईल. सतत चालणाऱ्या भारासाठीं पाव पट अधिक धरण्याची वहिवाट आहे. तसें केलें म्हणजे १३४ येतात, आणि बाजारांत त्याच्या वरचा फ्यूज १५० चा मिळतो. आतां तारेकडे वळावें. ती १५० अँपिअर सोसणारी असलीच पाहिजे. नसेल तर तार बदलावी. बारीक तारेवर मोठा फ्यूज बसविणें म्हणजे फ्यूज नसल्यासारखेंच आहे. हाच इन्व्हर्टर ४८ व्होल्टचा असता तर उतरत्या बॅटरीवरहि २७ अँपिअरच्या आसपास काम भागलें असतें आणि ३५ किंवा ४० चा फ्यूज पुरला असता. मोठ्या भारासाठीं जाणते लोक ४८ व्होल्ट कां पसंत करतात, तें यावरून ध्यानांत येईल.

दुसरी गोष्ट दाबाची. आपल्या घरांतला नेहमींचा प्रवाह उलटसुलट वाहतो आणि सेकंदाला शंभर वेळां शून्यावर येतो. फ्यूज वितळतांना उठणारी विजेची ज्योत त्या शून्याच्या क्षणीं विझते. एकदिश प्रवाहाला असा विसांवा नाहीं. तार वितळली तरी दोन टोकांमध्यें ज्योत जळत राहूं शकते. म्हणून फ्यूजवर एकदिश प्रवाहासाठीं लिहिलेला व्होल्टचा आंकडा पाहावा. मोटारींतला रंगीत पात्यांचा साधा फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचा असतो. ४८ व्होल्टची बॅटरी भरतांना ५४ ते ५८ व्होल्टपर्यंत चढते. तेथें ही पाती उपयोगाची नाहीं.

तिसरी गोष्ट फारसें कोणी विचारीत नाहीं, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. शॉर्ट सर्किट झालें तर बॅटरी किती प्रवाह सोडील? बॅटरीचा अंतर्गत विरोध एका ओहमचा दोनशेवा भाग असला, तर १२ व्होल्टवर २४०० अँपिअर उसळतील. लिथियमची बॅटरी याहूनहि अधिक देऊं शकते. हा लोंढा तोडण्याची ताकद फ्यूजच्या अंगीं हवी, नाहीं तर तो स्वतःच फुटतो. साध्या पात्याची ही ताकद सुमारें १००० अँपिअर. बोल्टनें बसविण्याच्या ‘मेगा’ जातीची २०००. ‘एएनएल’ जातीची ६०००. आणि ‘टी’ वर्गाच्या फ्यूजची एकदिश प्रवाहांत २०,००० अँपिअर असते. मोठ्या लिथियम बॅटरीवर ‘टी’ वर्गाचा फ्यूज घालण्याचा आग्रह धरतात, तो याचसाठीं.

आतां जागेविषयीं. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणाचेंच संरक्षण नसतें. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ असावा. अमेरिकेंतील नौकांच्या विद्युत्-नियमांत कांहीं अपवाद सोडून हें अंतर ७ इंच ठरविलें आहे. मात्र शिशाच्या बॅटरीच्या बुचांवर तो नेमका लटकूं नये, कारण तेथून हायड्रोजन वायु बाहेर पडतो आणि तो ठिणगीनें भडकतो. जाड तारेंतून बारीक तारेचा फांटा निघतो तेथें त्या फांट्याला त्याच्या मानानें लहान, स्वतंत्र फ्यूज द्यावा.

आणखी एक खुलासा. १० अँपिअरचा फ्यूज ११ अँपिअरला लगेच तुटेल असें नाहीं. दुप्पट प्रवाहाला साधी पाती कांहीं सेकंदांत वितळते. तिसऱ्या हिश्शानें अधिक असेल तर कित्येक मिनिटेंहि काढते. मोटर सुरू होतांना क्षणभर जास्त प्रवाह घेते, तो सोसण्यासाठीं ही सवलत आवश्यक आहे. पण सैल स्क्रूमुळें फ्यूज विनाकारण तापतो आणि वेळेआधींच तुटतो. म्हणून सांधे घट्ट आहेत कीं नाहींत तें पाहत जावें.

फ्यूज तुटला म्हणजे त्यानें आपलें काम केलें. त्या जागीं तांब्याची तार गुंडाळणें किंवा १० च्या लाल पात्याऐवजीं ३० चें हिरवें बसविणें, हा रोग बरा करणें नव्हे, रोगाची खूण पुसणें होय. आधीं कारण शोधावें, मग त्याच आंकड्याचा नवा फ्यूज घालावा. तसे दोन शिल्लक घरांत ठेवावे.

आपल्या घरीं इन्व्हर्टरची बॅटरी असेल, तर तिच्या धन टोकापासून निघणारी जाड तार एकदां नजरेनें तपासा. तिच्यावर फ्यूज आहे काय, त्यावर कोणते आंकडे आहेत, आणि ती तार तेवढा प्रवाह सोसणारी आहे काय, हे तीन प्रश्न विचारा. एकाहि प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, तर त्या टोकाला स्वतः हात न लावतां जाणत्या कारागिराला बोलवा.