शहराच्या पोटातील जागा



शहर वाढते म्हणजे ते बाहेर पसरते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु शहराला आतल्या आतही वाढता येते. भर वस्तीत ओस पडलेली जागा पुन्हा बांधून काढणे, ही ती वाढ. तिच्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत, आणि उदाहरण घेणार आहोत ते मुंबईचे.

मुंबईचा व्यापारी गाभा तीन रीतींनी वाढला. १८६० नंतरच्या दशकात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि त्या जागी मोठमोठ्या इमारती उठल्या. पुढे समुद्र हटवून नरिमन पॉइंट उभा राहिला. तिसरी रीत गिरणगावाची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि परळ, लालबाग, वरळी या भागांतील सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला.

अशा जागेचा लाभ उघड आहे. रस्ते, नळ, गटारे, आगगाडी तेथे आधीपासूनच असतात. त्यासाठी शेते मोडावी लागत नाहीत की खाडी बुजवावी लागत नाही. म्हणून आतली जागा आधी वापरावी, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. प्रश्न आहे तो वाटणीचा.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने वाटणी सांगितली होती : ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीला आणि उरलेली मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून निसटली. मुळात रिकामी होती तेवढीच वाटावयाची राहिली. २००५ साली उच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. मनोरे उठले. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि त्यांचे वारस मात्र लाखाहून अधिक निघाले.

आयत्या सोयींनाही मर्यादा असते. कचेऱ्या वाढल्या, माणसे वाढली. स्टेशनचा पूल अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, भर पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली.

श्रोतेहो, आपल्या गावातही उद्या एखादी बंद गिरणी, एखादा पडका वाडा बांधावयास निघेल. तेव्हा किती मजले चढणार, हे आपण अवश्य विचारावे. परंतु त्याआधी, येथे पूर्वी राबणारे कोठे जाणार आणि नव्याने येणारे कोणत्या जिन्याने उतरणार, हे विचारावे. नकाशा मंजूर होण्यापूर्वी हरकती मागवितात. विचारण्याची वेळ तीच. पाया खणल्यावर नव्हे.