डाव्या हाताची संगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



आपल्या समाजात डाव्या हाताच्या वाट्याला मान थोडाच आला आहे. तीर्थप्रसाद घ्यावयाचा तो उजव्या हातावर, आणि क्षुल्लक काम म्हणजे ‘डाव्या हातचा मळ’! पेटीवादनातही तोच न्याय. उजव्या हाताने सूर काढावयाचे व डाव्याने भाता मारावयाचा. पायपेटीत आणि संगीत रंगभूमीवरील ऑर्गनमध्ये भाता पायांकडे गेला व डावा हात मोकळा झाला. परंतु घरोघरी नांदली ती हातपेटीच.

आज भिलाईतल्या मराठी मुलांपुढे विजेवर चालणारा कीबोर्ड असतो. त्याला भाता नाही. साहजिकच ‘डाव्या हाताने कॉर्ड धर,’ असे मुलाला सांगितले जाते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजविलेले तीन-चार स्वर. ते कोणत्या बोटांनी धरावयाचे, हे मात्र पुष्कळदा सांगावयाचे राहून जाते. मग मनगट आखडते, लय अडखळते, आणि काही महिन्यांत कीबोर्ड कपाटावर चढतो. गणेशोत्सवाच्या गाण्यांना एक साथीदार उणा होतो. म्हणून हा लहानसा वाटणारा विषय आम्ही आज निवडला आहे.

पियानोच्या परिभाषेत अंगठा १, तर्जनी २, याप्रमाणे करंगळी ५. पांढरी एक हा सा मानला, तर सा-ग-प या कॉर्डला डाव्या हाताची ५-३-१ ही बोटे, म्हणजे करंगळी, मधले बोट व अंगठा, सहज पडतात. तेच स्वर ग-प-सा असे उलटविले तरी ५-३-१ चालते. परंतु प-सा-ग असा क्रम घेतला की खालच्या दोन स्वरांतील अंतर वाढते. तेथे मधले बोट ताणण्यापेक्षा तर्जनी घ्यावी : ५-२-१. बोटे अंतर पाहून ठरवावीत. पाठ केलेला आकडा सर्वत्र लावू नये.

दुसरी गोष्ट बोटांच्या लांबीची. अंगठा आखूड, मधले बोट लांब. म्हणून शक्यतो काळी पट्टी लांब बोटाला द्यावी. पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा ही कॉर्ड धरून पाहा. मधले बोट आपोआप काळ्या पट्टीवर येते. शोपँ हा थोर पियानोवादक शिष्यांचा हात प्रथम असाच ठेवून घेई : मधली तीन बोटे काळ्या पट्ट्यांवर, अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर. सर्व बोटांना सारखेच बळ आणण्याचा हट्ट त्याला मान्य नव्हता. प्रत्येक बोटाची घडण निराळी, हे त्याने ओळखले होते.

बोटांचे नियमही अनादि नाहीत. बाखच्या मुलाने १७५३ साली लिहिलेल्या ग्रंथात वडिलांची आठवण नोंदविली आहे. त्यांच्या तरुणपणी मोठमोठे वादकही, फार लांबचे स्वर गाठावयाचे नसतील, तर अंगठा वापरीतच नसत! पुढे तोच अंगठा वादनाचा आधार झाला.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पुढल्या कॉर्डकडे जाण्याची. सा-ग-प वरून सा-म-ध कडे जाताना करंगळी सा वरच राहू द्यावी. तर्जनी म वर आणि अंगठा ध वर न्यावा. सा-ग-प वरून खालचा नि, रे व प घ्यावयाचे असतील, तर अंगठा प वर ठेवून करंगळी आणि मधले बोट एकेक पांढरी पट्टी खाली आणावे. दोन्हीकडे समान असलेला स्वर सोडू नये. हलावे लागेल तेवढेच हलावे. हात उचलून दर वेळी नवी जागा शोधणारा वादक गायकाच्या मागे पडतो.

लहान हाताला तीन स्वर झेपत नसतील, तर प गाळून सा-ग एवढेच वाजवावेत. कॉर्डचा रंग मुख्यतः ग वर अवलंबून असतो. दुखेपर्यंत ताणणे ही साधना नव्हे. शूमान या संगीतकाराच्या उजव्या हाताची बोटे तरुणपणीच निकामी झाली व त्याला वादनाची कारकीर्द सोडावी लागली. मुलाने ‘हात दुखतो’ म्हटले की पालकांनी तेथेच थांबवावे, बोटे बदलून पाहावीत.

१९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली. त्या काळापासून महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे या भूमीत स्थिरावत गेली. त्यांनी नवी भाषा, नवे शेजार आपलेसे केले. आपली भाषा आणि आपला उत्सव मात्र हातचा जाऊ दिला नाही. समान स्वर धरून पुढे जाणे आपणांस नवे नाही. येत्या गणेशोत्सवाच्या तालमीपूर्वी प्रत्येक घरी रोज दहा मिनिटे केवळ डाव्या हाताची, संथ लयीत, या तीन कॉर्डची मेहनत व्हावी. एवढे झाले, तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.